क्रुसापुढचे कडक चणे

रागीट माणसाला क्षमेचा धडा शिकवायला लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण आमच्या चर्चमध्ये मत विचारायची पद्धत नाही. दृढीकरणाचा वर्ग घेणारी आधीची टीचर मुलाकडे कॅनडाला निघून गेली, आणि पुढच्याच रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपताना फादरांनी माईकवरून माझं नाव जाहीर करून टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी रागानं लाल होऊन बसले होते. शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, "बघ, किती आनंद झालाय तिला."

दृढीकरण म्हणजे, लहानपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या वतीनं दुसऱ्यांनी दिलेला शब्द मोठं झाल्यावर आपण स्वतः द्यायचा. बिशप येतात, रांगेतल्या एकेका मुलाच्या कपाळाला पवित्र तेल लावतात. त्या वेळी मुलाच्या मागे धर्मपिता, मुलीच्या मागे धर्ममाता, उजवा हात खांद्यावर ठेवून उभी असते. आईवडिलांना मात्र हा हात ठेवता येत नाही. त्यांचा हात एरवी पाठीत पडतोच, तेवढा पुरे, असं माझे वडील म्हणतात.

वर्ग रविवारी सकाळच्या मिस्सेनंतर, चर्चच्या बालवाडीच्या खोलीत. तिथल्या खुर्च्या बाळांच्या मापाच्या. त्यावर नववी-दहावीची आडदांड पोरं गुडघे हनुवटीला टेकवून बसायची आणि भिंतीवरच्या हत्ती-जिराफांकडे बघत पवित्र आत्म्याबद्दल ऐकायची. काही आमच्या ठाण्याच्या गावठाणातली, म्हणजे पोर्तुगीजांच्या काळापासून इथेच भात आणि मासळी करत आलेल्या घरांतली. बाकीची घोडबंदर रोडच्या टॉवरांतली. पहिल्या दिवशी मी त्यांना वाटेत लुटल्या गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. चांगली माणसं बघून न बघितल्यासारखी निघून गेली, आणि परक्या जातीच्या एकानं थांबून त्याच्या जखमा बांधल्या. मग विचारलं, "तर शेजारी कोण?"

"टीचर, आमच्या शेजारी फ्लॅट बंद आहे," एक जण म्हणाला. "ओनर दुबईला असतो."

मी ठरवलं, पुस्तक मिटायचं. प्रेम करायला शिकायचं तर करूनच शिकायला हवं. उपवासकाळ चालू होता, ईस्टर झाल्यावर मे महिन्यात बिशप येणार होते. दर रविवारी एक गृहपाठ. पहिला गृहपाठ दिला: ज्या शेजाऱ्यावर तुमचा राग आहे, त्याला क्षमा करून या.

यात काही चुकू शकेल असं मला वाटलंच नाही. माझ्या मनात होतं की पोरं घरी जाऊन डोळे मिटतील, प्रार्थना करतील, मनातला राग सोडून देतील. पोरांनी दारांच्या बेल वाजवल्या.

आमच्या वर्गात एक फुटबॉलवाला होता. त्याच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी कधीतरी त्याचा बॉल सुरीनं फोडला होता. हा रविवारी दुपारी, काका जेवून आडवे झालेले असताना, बेल वाजवून म्हणाला, "अंकल, मी तुम्हाला माफ केलं."

काका म्हणाले, "तू कोण रे मला माफ करणारा? बॉल कुणाच्या काचेवर आला होता?"

"ते पण माफ केलं," हा म्हणाला.

दुसऱ्या एका मुलीनं समोरच्या बाईंना जाऊन सांगितलं, "आँटी, तुम्ही आमच्याबद्दल बिल्डिंगमध्ये जे काही बोलता ना, ते आम्ही सगळं माफ केलंय." आँटींनी शांतपणे विचारलं, मी काय बोलते, आणि तुम्हाला ते सांगितलं कुणी? संध्याकाळपर्यंत त्या ए विंगपासून डी विंगपर्यंत सांगणाऱ्याच्या शोधात फिरत होत्या. जिथे वर्षानुवर्षं लोक एकमेकांना लिफ्टमध्ये बघून हसत होते, तिथे आता दारं आपटायला लागली.

मंगळवारी फादरांनी मला बोलावून घेतलं. आमचे फादर वसईकडचे, तरुण, स्वभावानं साखरेसारखे. त्यांच्या समोर त्या मुलीच्या सोसायटीचा सेक्रेटरी बसला होता. तो जाईपर्यंत फादर हसत राहिले, मग म्हणाले, "टीचर, क्षमा मनातल्या मनात नाही का करता येत?"

"करता येते फादर, पण मग केली की नाही हे मी तपासू कसं?"

"देव तपासेल ना."

मला हे पटलं नाही, पण फादरांवर चिडायचं नसतं म्हणून मी घरी येऊन वडिलांवर चिडले. वडील पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, कवळी लावतात, आणि मी चिडले की ती काढून ठेवतात, म्हणजे उत्तर द्यावं लागत नाही.

पुढच्या रविवारी मी पोरांना चांगलं फैलावर घेतलं. क्षमा म्हणजे दुसऱ्यावर उपकार नाहीत, आधी आपली चूक बघा. गृहपाठ उलटा केला: आता शेजाऱ्याची क्षमा मागून या.

हे तर आगीत तेल झालं. जे गुन्हे आजवर कुणाला ठाऊकच नव्हते ते सगळे एका आठवड्यात उजेडात आले. गच्चीवरच्या टाकीत बेडूक कुणी सोडला होता ते कळलं. सेक्रेटरीच्या स्कूटरची हवा दर सोमवारी कोण काढायचं ते कळलं, आणि सेक्रेटरी पुन्हा फादरांसमोर येऊन बसला. सगळ्यांत भयंकर केलं ते टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या एका मुलानं. त्याच्या शेजारच्या आजी दर दिवाळीला त्यांच्याकडे भरलेलं फराळाचं ताट पाठवायच्या, आणि ह्याची मम्मी दर नाताळला त्यांना केक पाठवायची. हा आजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, सॉरी. दरवर्षी आम्ही सांगतो चिवडा खूप छान झालेला, पण आम्ही तो खात नाही. पप्पा ऑफिसात वाटतात."

आजींनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "आणि चकली?"

"चकली खातो, आजी."

"बरं झालं सांगितलंस. मग मी पण सांगते. तुमच्या केकला दारूचा वास येतो, तो मी पेपरवाल्याला देते."

ही दोघं आता छान आहेत. ह्या एका घरापुरता माझा गृहपाठ यशस्वी झाला, हे मी फादरांना पुन्हा पुन्हा सांगितलं. त्या मुलाची मम्मी मात्र माझ्याशी महिनाभर बोलली नाही.

या सगळ्यात एका मुलीनं एकही गृहपाठ केला नाही. ती आमच्याच गावठाणातली, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारी. हुशार, सगळी प्रार्थना तोंडपाठ, पण शेजाऱ्याचं नाव काढलं की चपलेकडे बघत बसायची. एका रविवारी मी सगळ्यांना विचारत होते, तुझी धर्ममाता कोण, तुझा धर्मपिता कोण. तिच्यापाशी आले तर म्हणाली, "काकी."

"बाप्तिस्म्याचीच ना? मग छानच. येणार ना काकी?"

"नाही माहीत, टीचर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मी विचारायला नको होतं. कारण सगळं मला माहीत होतं. सगळ्या गावाला माहीत होतं, आणि त्याची सुरुवात तर माझ्या वडिलांच्या तोंडात झाली होती.

झालं होतं असं. मे महिन्यात आमच्याकडे गावातल्या क्रुसापाशी रोज संध्याकाळी जपमाळ असते. एकेक दिवस एकेका घराचा. ज्याचा दिवस त्यानं क्रुसाला फुलं घालायची, मेणबत्त्या लावायच्या, आणि प्रार्थना झाली की सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. चणे आधी चाखायचे नाहीत. आधी क्रुसापुढे ठेवायचे, प्रार्थना व्हायची, मगच तोंडात. त्यामुळे ते कसे झालेत हे करणारीला आणि खाणाऱ्यांना एकदमच कळतं. दोन वर्षांपूर्वी काकीच्या दिवशी चणे कडक राहिले. नेहमीप्रमाणे पहिली मूठ सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला, म्हणजे माझ्या वडिलांना दिली. त्यांनी जोरात चावलं आणि कडकन आवाज झाला. कवळीचे दोन तुकडे झाले.

एवढ्यावर भागलं असतं. वडील तर खूश होते, त्यांना आठवडाभर पेज आणि कस्टर्ड मिळालं. पण त्या मुलीची आई, म्हणजे काकीची धाकटी जाऊ, तिची जीभ गावात प्रसिद्ध. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "चणे नाय, गोट्या हायत. पोरांना खेळायला द्या."

सगळे हसले. मीही हसले, हसण्यासारखंच होतं. काकीनं टोप उचलला आणि ती घरी गेली. त्या दिवसापासून जावाजावांचं बोलणं बंद. घर एकच, मधे भिंत, पुढे ओटा एकच. त्या ओट्यावर मधोमध तुळसबिळस नाही, आमच्यात ती नसते, पण काकीनं तिथे कोरफडीच्या कुंड्यांची रांग लावली. काट्यांची बाजू धाकटीकडे.

मधल्यामधे ती मुलगी. आई कळव्याच्या एका दवाखान्यात नोकरीला, बाप बोटीवर, म्हणून लहानपणापासून पोर दुपारभर काकीकडे. काकीला मूलबाळ नाही. हिची वेणी काकी घालायची, ताप आला की उशाशी काकी बसायची. भांडण झाल्यावर हे सगळं थांबलं. आता आई घरी नसली की काकी खिडकीतून हाक मारायची, आणि आई आली की दोघी ओळख नसल्यासारख्या वागायच्या. मुलीला दुसरं काही नको होतं. तिला खांद्यावर काकीचा हात हवा होता. आणि तिच्या आईनं तोवर डोंबिवलीच्या मावशीला धर्ममाता म्हणून सांगूनही टाकलं होतं. मावशीचे फोन सुरू झाले होते की थीम कोणत्या कलरची आहे, पीच की लव्हेंडर.

मला राहवेना. मी त्याच संध्याकाळी दोघींना समजवायला गेले.

आधी धाकटीकडे. मी येशूचं नाव घेऊन सुरुवात केली. ती कांदे चिरत होती. म्हणाली, "ताई, मी बोलले ते खोटं होतं का? सांगा ना. कडक नव्हते?"

"कडक होते, पण—"

"तुमच्याच बापाचा दात गेला आणि तुम्ही मला सांगताय?"

"अगं, पण सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"तुम्ही तर सगळ्यांत मोठ्यानं हसलात!"

यावर मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. दृढीकरणाच्या टीचरला शोभणारं नव्हतं. तिनंही काही राखून ठेवलं नाही. मी तणतणत बाहेर आले आणि कोरफड ओलांडून, साडी काट्यांत फाडून, काकीकडे गेले. काकी माझ्या बरोबरीची, शाळेतली मैत्रीण.

"पोरीवर माझा राग नाय," ती म्हणाली. "पण त्या बाईच्या बाजूच्या बाकावर मी बसायची नाय. तिनं पहिलं यावं."

"ती नाही येणार. तू मोठी आहेस ना? तू जा."

"मी मोठी म्हणून मीच दर वेळी? तू वर्गात पोरांना हेच शिकवतेस काय? आणि तू कोण मोठी शांतीदूत? आत्ता भिंतीपलीकडून तुझाच आवाज येत होता."

घरी परतले तेव्हा परिस्थिती अशी होती की त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि आता दोघीही माझ्याशी बोलत नव्हत्या. वडिलांनी माझं तोंड बघितलं आणि कवळी काढून ठेवली.

रविवारी मी वर्गात जाऊन बसले तेव्हा माझ्यात काही त्राण नव्हतं. पोरांनी विचारलं, या आठवड्याचा गृहपाठ काय? मी म्हटलं, "काही बोलू नका. कृपा करून कुणाला एक शब्दही बोलू नका. माफ केलं नाही, माफ करा नाही. नुसतं शेजाऱ्याच्या जागी उभं राहून बघा, त्याला कसं वाटत असेल ते." हे मी थकून बोलले होते. ती मुलगी मात्र पहिल्यांदाच चपलेवरून नजर उचलून माझ्याकडे बघत होती.

मे उजाडला. धाकटीचा चण्यांचा दिवस आला तो नेमका दृढीकरणाच्या आधीच्या आठवड्यात. संध्याकाळी क्रुसापाशी सगळं गाव जमलं. काकीही आली. प्रार्थना ती चुकवायची नाही, पण धाकटीच्या दिवशी चण्यांना हात लावायची नाही, पदरात जपमाळ गुंडाळून सरळ घरी जायची. धाकटी ड्युटीवरून धावतपळत आलेली, केस विंचरायलाही वेळ मिळाला नव्हता. मोठा टोप क्रुसापुढे ठेवलेला. जपमाळ झाली, शेवटचं गीत झालं, फादरांनी आशीर्वाद दिला आणि ते दुसऱ्या गावठाणातल्या क्रुसाकडे निघून गेले.

धाकटीनं पहिली मूठ माझ्या वडिलांपुढे धरली. वडिलांनी नव्या कवळीचा विचार केला आणि चणे शर्टाच्या खिशात घातले. दुसरी मूठ मला मिळाली. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण चणे देणं भाग होतं. मी तोंडात टाकले.

कडक. दगडासारखे कडक. माझ्या मागे कुणीतरी चावलं, तो आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग आणखी कुठूनतरी. धाकटीनं घाईनं एक चणा स्वतःच्या तोंडात टाकला आणि तिचा चेहरा पडला. इतकी बोलणारी बाई, तिला एक शब्द सुचेना. हातातला डाव तसाच राहिला. आणि मग, कुणी ठरवलं नव्हतं तरी, सगळ्या गावाच्या माना काकीकडे वळल्या.

खरं सांगते, मला मजा वाटत होती. आता काकी काय बोलते ते ऐकायला मी कान टवकारले होते. गोट्यांचा हिशेब आज चुकता होणार, हे पोराटोरांनाही कळत होतं. धाकटीलाही कळलं होतं. ती मान खाली घालून उभी होती.

काकी जपमाळ कमरेला खोचून पुढे आली. तिनं धाकटीपुढे ओंजळ धरली. धाकटीनं त्या ओंजळीत डावभर चणे ओतले. काकीनं ते तोंडात टाकले आणि चावायला लागली. कटकट आवाज येत होता. तिच्या जबड्याची हाडं वरखाली होताना दिसत होती, डोळ्यांत पाणी आलं होतं. गाव बघत होतं. तिनं सगळे चावले, सगळे गिळले, आणि म्हणाली,

"बरे झालेत. मीठ बरोबर पडलंय."

आणि तिनं पुन्हा ओंजळ पुढे केली.

मग काय, कुणाची बिशाद होती नावं ठेवायची? काकी दुसऱ्यांदा घेते म्हटल्यावर सगळ्या गावाला घ्यावे लागले. म्हातारे, पोरं, जावई, सगळे क्रुसाभोवती उभे राहून मुकाट चावत होते. रवंथ करणाऱ्या गुरांचा गोठा असावा तसा आवाज येत होता. मीही चावले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते फक्त दाढेमुळे नव्हतं. धाकटी मात्र रिकाम्या टोपाकडेच बघत राहिली. काकी घरी गेली.

ती मुलगी क्रुसाच्या पायरीवर वितळलेलं मेण खरवडत होती. मी तिच्या शेजारी बसले.

"चणे कुणी भिजवलेले?" मी विचारलं.

"दरवर्षी मीच भिजवते. आदल्या रात्री."

"आणि या वर्षी?"

"दुपारी तीनला." मेण खरवडणं थांबलं नाही. "मम्मी ड्युटीवरून आली, तिला वाटलं रात्रीपासून भिजलेत. तिनं कुकर लावला."

"विसरलीस की मुद्दाम?"

तिनं नखातलं मेण झटकलं. मग म्हणाली, "टीचर, हे मी कन्फेशनमध्ये फादरना सांगणारच आहे. तुम्हाला पण सांगायला पाहिजे का?"

तीच पुढे म्हणाली, "तुम्हीच बोललेलात ना, शेजाऱ्याच्या जागी उभं राहून बघा. मम्मी कधी उभीच राहिली नसती. म्हणून मी तिला उभं केलं. पण काकी काय करणार ते मला माहीत नव्हतं हां. काकी पण तसंच बोलली असती तर सगळं संपलं असतं."

टीचर म्हणून मी तिला रागवायला हवं होतं. आईला गावासमोर खाली बघायला लावणं हे काही मी शिकवलेलं नव्हतं. पण ज्या घरात मी उपदेश करून आणखी एक भांडण वाढवून आले होते, तिथे हिनं एक शब्दही खर्च केला नव्हता. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि घरी गेले.

पण चणे खाल्ले म्हणजे बोलणं सुरू झालं असं नाही. पुढचे दिवस दोन्ही दारं तशीच. कोरफड तशीच. मावशीचा लव्हेंडर गाऊन शिवून झाला.

दृढीकरणाच्या दिवशी चर्च गच्च भरलं होतं. माझी पोरं पांढऱ्या कपड्यांत ओळखू येत नव्हती. फुटबॉलवाल्याच्या मागे त्याचा धर्मपिता उभा होता, आणि बाकात त्याच्या घरच्यांसोबत ते बॉल फोडणारे काकाही येऊन बसले होते, कसे ते मला आजही माहीत नाही. ती मुलगी रांगेत सगळ्यात शेवटी. आणि तिच्या मागे कुणीच नाही. मावशी शीळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकली होती. ती फोनवर फोन करत होती की पाच मिनिटांत पोचते, आणि शीळफाट्याची पाच मिनिटं म्हणजे काय हे सगळ्या ठाणे जिल्ह्याला ठाऊक आहे.

बिशप तेलाची कुपी घेऊन उभे राहिले. रांग पुढे सरकायला लागली. मुलगी मागे वळून बघत नव्हती, पण तिचा उजवा खांदा ताठ झाला होता, कुणीतरी हात ठेवील म्हणून वाट बघत असल्यासारखा. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. म्हटलं, कुणीच नाही तर मी जाईन, नंतर फादर काय बोलायचं ते बोलू देत.

तेवढ्यात धाकटी बाकावरून उठली. चर्चच्या मधल्या वाटेनं, सगळ्यांच्या देखत, ती दाराच्या दिशेनं मागे चालत गेली. शेवटच्या बाकावर, खांबाआड काकी बसली होती. डोक्यावरून पदर घेतलेला, आणि तो पदर एका गालावर दाबून धरलेला. मी मान वळवून बघत होते. सगळेच बघत होते.

"चल," धाकटी म्हणाली. दोन वर्षांतला पहिला शब्द.

काकीनं पदर जरा बाजूला केला. गाल टमाट्यासारखा सुजला होता. "असं तोंड घेऊन बिशपसमोर जाऊ? फोटोत कसं दिसेल?"

"तोंडाला कोण बघतंय? पोरीला हात हवाय तुझा." आणि मग खालच्या आवाजात, पण चर्चमध्ये खालचा आवाजही घुमतो, "चल ना, वयनी. माझ्याकडून चुकलं. मी पाया पडते."

काकी उठली. पाया पडू द्यायला वेळच नव्हता, रांगेत दोनच मुलं उरली होती. ती जवळजवळ धावत गेली, एक हात गालावर, दुसरा पुढे केलेला, आणि तो तिनं मुलीच्या खांद्यावर टेकला तेव्हा मुलगी न बघताच रडायला लागली. वजनावरून तिला कळलं असावं. बिशपांनी तेल लावताना विचारलं, "घाबरलीस का?" तिनं नाही म्हणून मान हलवली. मुलीचं नाव बिशपांना धर्ममातेनं सांगायचं असतं, ते काकीनं सांगितलं, सुजलेल्या तोंडानं कसंबसं.

मिस्सा संपल्यावर मावशी पोचली. लव्हेंडर गाऊन, डोक्यावर लव्हेंडर फूल. तिला काय झालं ते कळेना. मग तिनं फोटो काढायचं काम हातात घेतलं आणि सगळ्यांना इतकं हलवून हलवून उभं केलं की तिचाही राग गेला. मी काकीजवळ गेले. ती माझ्याशी बोलत नव्हती हे मी साफ विसरले होते.

"काय गं, गालाला काय झालं?"

"काय नाय," काकी म्हणाली, आणि तिनं धाकटीकडे बघितलं. "गोटी लागली."

धाकटीनं आधी तोंडावर हात धरला. मग तिला हसू आवरेना, आणि काकीलाही आवरेना, पण हसलं की दाढ दुखायची, म्हणून ती हसत हसत "आई गं, आई गं" करत धाकटीच्या दंडाला धरून वाकली. माझे वडील शेजारी उभे होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून ते चणे काढून बघितले, अजून तिथेच होते, आणि परत ठेवून दिले. म्हणाले, पुरावा म्हणून राहू देत.

रविवार असल्यानं दाताचा डॉक्टर एकच उघडा होता, तलावपाळीला. धाकटीनं रिक्षा थांबवली. मी म्हटलं, मी येते सोबत, तर दोघी एकदम म्हणाल्या, "तू नको," "तुम्ही नको." मुलीचा पांढरा ड्रेस रस्त्याच्या धुळीनं मळू नये म्हणून तिला मधे बसवलं. रिक्षा निघाली तेव्हा मागच्या पडद्याच्या खिडकीतून मला त्या तिघींच्या पाठी दिसत होत्या. काकीचा हात अजून तिच्या खांद्यावरच होता, काढायचा राहून गेला होता.